शुगर १४८ आली म्हणून रात्रीचं जेवण सोडू नकोस

पत्र असं आहे, थोडं छाटून देते:

"मावशी, मी पलूस तालुक्यातल्या एका गावात राहते. वय २३, पहिलंच बाळ, सव्वीसावा आठवडा चालू आहे. तिसऱ्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पाजून टेस्ट केली होती तेव्हा ११२ आली, नॉर्मल म्हणाले. या ९ तारखेला आरोग्य केंद्रात परत तीच टेस्ट झाली, सकाळी चहा-भाकरी खाऊन गेले होते, तर १४८ आली. मॅडम म्हणाल्या गर्भारपणातली शुगर आहे, दोन आठवडे पथ्य कर मग परत बघू, गरज पडली तर गोळी नाहीतर इन्सुलिन. माझी नणंद पुण्यात असते, तिची टेस्ट उपाशीपोटी झालेली, तीनदा रक्त काढलेलं, आणि तिच्या रिपोर्टवर लिमिट १५३ लिहिलंय. ती म्हणते तुझी टेस्टच चुकीची आहे, तीन महिन्यांच्या शुगरची टेस्ट कर. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात आमच्या घराण्यात कुणाला शुगर नाही, माहेरूनच आणली असणार. पुढच्या आठवड्यात डोहाळजेवण ठरलंय. मी भीतीने रात्रीचं जेवण सोडलंय, भात बंद, दूध पण बंद, वजन थोडं उतरलंय. मी तर बारीक आहे, लग्नात ४६ किलो होते, मला कशी झाली? बाळाला शुगर होईल का? माझं काय चुकलं?"

पोरी, बाकीचं उद्या वाचलंस तरी चालेल पण आज रात्री जेव. मॅडमनी पथ्य सांगितलंय, उपास सांगितलेला नाही, आणि या दोन्हीत खूप फरक आहे. पोटात बाळ असताना आई रात्रभर उपाशी राहिली की शरीर अंगातली चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन नावाचे पदार्थ तयार होतात आणि ते बाळापर्यंत पोचतात, ते आपल्याला नको आहेत. वर सकाळी उठल्यावर भूक एवढी लागलेली असते की चहा-चपाती जास्तच जाते आणि शुगर वाढायची ती तिथेच वाढते. सातव्या महिन्यात वजन वाढायला पाहिजे, उतरायला नको. हे वजन उतरल्याचं आशाताईला किंवा सिस्टरला उद्याच सांग, पुढच्या तारखेची वाट बघत बसू नकोस. आणि दूध परत सुरू कर, बिनसाखरेचं.

आता टेस्टचं बघू. नणंद खोटं बोलत नाहीये आणि तुमच्या मॅडमही चुकलेल्या नाहीत. आपल्या देशात ही तपासणी दोन पद्धतीने चालते. पुण्यातल्या खाजगी दवाखान्यांत बऱ्याच ठिकाणी उपाशीपोटी रक्त घेतात, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजतात, मग एक तासाने आणि दोन तासांनी परत रक्त घेतात, आणि त्यात उपाशीपोटी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३ अशा तीन रेषा असतात, यातली एक जरी गाठली तरी गर्भारपणातला मधुमेह धरतात. सरकारी केंद्रात जी होते ती डिप्सीची, म्हणजे गर्भारपणातल्या मधुमेहाचा अभ्यास करणाऱ्या भारतीय गटाची पद्धत, चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी ती रुजवली, त्यांचा वाढदिवस १० मार्च हा दिवस आता या आजाराच्या जागृतीसाठी पाळतात. त्यात जेवण झालंय की नाही हे बघतच नाहीत, ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटात प्यायचं, दोन तासांनी एकदाच रक्त, १४० किंवा वर आली की पॉझिटिव्ह. केंद्र सरकारच्या २०१४ च्या आणि मग सुधारलेल्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हीच टेस्ट आहे, प्रत्येक गरोदर बाईची, पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यात दुसऱ्यांदा. तुझं सगळं बरोबर वेळेवर झालंय, तुमच्या केंद्राचं मला कौतुकच वाटलं.

मग जेवून गेलीस म्हणून आकडा वाढला का? या पद्धतीमागचा विचार असा की इन्सुलिन नीट काम करत असेल तर भाकरी खाऊन वर ग्लुकोज प्यायली तरी शरीर जोर लावून दोन तासात शुगर खाली आणतं, ज्या बाईचं शरीर तेवढा जोर लावू शकत नाही तिचाच आकडा वर राहतो. आणि उपाशी बोलवायचं म्हटलं तर काय होतं ते मी सातारा जिल्ह्यात नोकरीत असताना बघितलंय, माण-खटावकडची बाई वस्तीवरून चालत, मग वडापच्या जीपने, अकरा वाजता केंद्रात पोचणार, तिला म्हणायचं चहा प्यायलीस का मग उद्या उपाशी ये, ती कशाला येतेय उद्या? ती परत यायची ती एकदम कळा सुरू झाल्यावर. म्हणून आली त्या दिवशीच टेस्ट, हे मला पटतं.

या पद्धतीवर टीका नाही असं नाही, आहे. पण भारतातच झालेल्या काही अभ्यासांमध्ये जी तक्रार आहे ती तुझ्या नणंदेच्या शंकेच्या उलट बाजूची आहे, की उपाशी नसताना केलेल्या टेस्टमध्ये काही बायका सुटतात, उपाशीपोटीच्या टेस्टमध्ये सापडल्या असत्या त्या इथे नॉर्मल दिसतात. म्हणजे चूक झालीच तर सुटण्याची जास्त, उगाच धरण्याची कमी. आणि अजून एक, दोन तासांचा तुझा आकडा १५३ च्या खाली आहे म्हणून नणंदेच्या टेस्टमध्ये तू नॉर्मल ठरली असतीस असंही नाही, कारण तुझी उपाशीपोटीची शुगर कुणालाच माहीत नाही. मनाच्या समाधानासाठी सांगलीत एखाद्या चांगल्या लॅबमध्ये उपाशीपोटीची टेस्ट करायची असेल तर मॅडमना विचारून कर, पण ती होईपर्यंत पथ्य थांबवायचं नाही.

१४० आणि १५३ या दोन रेषा वेगळ्या का, हे कळलं की डोक्यातला गोंधळ कमी होईल. २००८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, हापो म्हणतात त्याला, नऊ देशांतल्या २५ हजारांवर गरोदर बायकांची ग्लुकोज टेस्ट केली होती, आपला देश त्यात नव्हता. त्यात दिसलं काय, तर आईची शुगर जशी वर जाते तसं बाळाचं वजन जास्त असणं, सिझर लागणं, बाळाला जन्मल्यावर त्रास होणं हे सगळं हळूहळू चढत जातं, अमुक आकड्यापर्यंत काही नाही आणि पुढे एकदम धोका अशी जागाच सापडली नाही. म्हणून रेषा ही तज्ञांनी बसून ठरवलेली असते, कुणी ती १५३ वर ओढली, कुणी १४० वर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर आली की इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी म्हणतात, पण पाणी ४४ फुटांवर असताना नदीकाठचा माणूस निवांत झोपत नाही, सामान वर काढून ठेवतो. तुझं १४८ तसं आहे. घाबरून रडायचा आकडा नाही आणि दुर्लक्ष करायचा पण नाही, सामान वर काढायचा आकडा आहे.

आणि एवढ्याशा शुगरवर उपचार करून फायदा होतो का, याचंही उत्तर आहे. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हजार बायका घेतल्या, ज्यांची दोन तासांची शुगर १४० ते १९८ च्या मधे होती, म्हणजे तुझ्यासारख्याच सौम्य. निम्म्यांना आहार सल्ला, शुगर तपासणी आणि लागलं तर इन्सुलिन दिलं, निम्म्यांना नेहमीसारखं सांभाळलं. बाळाला गंभीर त्रास, म्हणजे मृत्यू, खांदा अडकणं, हाड मोडणं, हाताची नस दुखावणं, हे सगळं मिळून उपचार केलेल्यांत १ टक्का आणि न केलेल्यांत ४ टक्के. म्हणून मी म्हणते १४८ ला हलकं समजू नका, आणि म्हणूनच हेही म्हणते की हे आपल्या हातात आहे.

नणंद सांगते ती तीन महिन्यांच्या सरासरीची टेस्ट, एचबीएवनसी, ती इथे कामाची नाही. गरोदरपणात लाल पेशी लवकर बदलतात, त्यात आपल्याकडे निम्म्या बायकांना रक्त कमी असतं, त्यामुळे त्या टेस्टचा आकडा फसवा येऊ शकतो आणि गेल्या दोन-तीन आठवड्यात वाढलेली शुगर त्यात नीट दिसत नाही. ते पैसे वाचव.

मला कशी झाली, माझं काय चुकलं, हे तू दोनदा लिहिलंयस. तुझं काहीही चुकलेलं नाही. बाळाची वार असते ना, ती मोठी होत जाते तसे तिच्यातून असे हार्मोन सुटतात की आईच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी व्हायला लागतो, बाळाकडे साखर जास्त पोचावी यासाठीची ती निसर्गाचीच सोय आहे, प्रत्येक बाईत होते. बहुतेकींचं स्वादुपिंड त्याच्यावर मात करून जास्त इन्सुलिन बनवतं, काहींचं पुरं पडत नाही. हे सहाव्या-सातव्या महिन्यात जोर धरतं, म्हणून तिसऱ्या महिन्यात ११२ आणि आता १४८, दोन्ही रिपोर्ट खरे. बारीक बायकांना पण होतं, आपल्या भारतीय बायकांमध्ये जोखीम मुळातच जास्त धरतात, म्हणून तर जाड-बारीक न बघता सगळ्यांची टेस्ट करतात.

बाळाला शुगर होईल का? जन्मतःच मधुमेह घेऊन येतं असं नाही. होतं काय तर आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते पण आईचं इन्सुलिन जात नाही, म्हणून जास्तीची साखर आली की बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवायला लागतं, आणि त्या इन्सुलिनमुळे त्याच्या अंगावर, खास करून खांद्यावर-पोटावर चरबी चढते, बाळ मोठं होतं. लोक म्हणतात काय गुटगुटीत बाळ, पण साडेतीन-चार किलोचं बाळ तुझ्यासारख्या लहान चणीच्या पोरीला बाहेर काढताना अवघड जातं. आणि नाळ कापली की आईकडची साखर एकदम बंद पण बाळाचं इन्सुलिन अजून जास्तच, त्यामुळे जन्मल्यावर पहिल्या काही तासात बाळाची शुगर खाली जाऊ शकते. यावर पहिला उपाय म्हणजे तासाभराच्या आत चिकाचं दूध पाजणं आणि बाळाची शुगर तपासणं. ते दूध काढून टाकायची, मधाचं बोट लावायची पद्धत घरात असेल तर आत्ताच नवऱ्याला सांगून ठेव की ते चालणार नाही.

आता जेवणाचं, यात मला जास्त बोलायचंय कारण इथेच सगळं आहे. दिवसाचं तेवढंच अन्न, पण तीन जेवणं आणि मधे दोन-तीन छोटी खाणी असं वाटून खायचं. सकाळच्या वेळी गरोदर बाईचं शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देतं, आणि आपण नेमकं सकाळीच काय खातो तर गोड चहा, बिस्कीट नाहीतर खारी, बशीभर पोहे, शिरा. ते बदल. मुगाचं धिरडं कर, मोडाची मटकी कर, अंडं चालत असेल तर उकडलेलं अंडं आणि अर्धी भाकरी. चहा पाहिजे तर बिनसाखरेचा, दोन-चार दिवस कसंतरी लागेल मग सवय होते. अकराच्या सुमारास ताक आणि मूठभर फुटाणे. दुपारी भाकरी, पण भाकरीने शुगर वाढत नाही असं समजून तीन-तीन खाऊ नकोस, ज्वारी गव्हा-तांदळापेक्षा बरी तरी तीही पिठूळच, किती खायची ते तुझ्या दोन आठवड्यांनंतरच्या आकड्यावरून ठरेल, आत्ता दीडपासून सुरुवात कर आणि ताटात आमटी, उसळ, पालेभाजी, काकडी-गाजर, दही यांची जागा वाढव. पोट त्यानेच भरलं पाहिजे. भात अगदी बंद नको वाटला तर वाटीभर, आणि तो भाकरीच्या बदल्यात, भाकरीवर नाही. संध्याकाळी भाजलेले शेंगदाणे. रात्रीचं जेवण दुपारसारखंच, लवकर, आणि झोपताना बिनसाखरेचं दूध. जेवण झाल्यावर अंगणात दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या मार, मॅडमनी चालायला मनाई केली नसेल तर, त्याने जेवणानंतरची शुगर खरंच उतरते.

गुळाबद्दल वेगळं लिहिते कारण आपण उसाच्या पट्ट्यात राहतो. गूळ चालतो, काकवी चालते, गुळाचा चहा शुगरवाल्यांना चालतो, हे मी एवढ्या जणींकडून ऐकलंय की आता ऐकलं की जीव तुटतो. गूळ रक्तात गेल्यावर साखरेसारखाच वागतो. उसाचा रस तर नकोच. आणि तासगावजवळ असल्यामुळे घरात बेदाणे असणारच, रक्त वाढतं म्हणून भिजवून खायला लावतात, पण बेदाणा म्हणजे वाळवून आटवलेली द्राक्षाची साखर, रक्तासाठी केंद्रातली लाल गोळी रोज घे, ती कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, वेगळ्या वेळी. फळ खा, एकावेळी एक, पेरू सगळ्यात चांगला, ज्यूस करून नको. आणि सोमवार, गुरुवार, एकादशी जे काही असतील ते उपास बाळंतपण होईपर्यंत देवाला सांगून पुढे ढकल, कारण उपास म्हणजे दिवसभर पोट रिकामं आणि मग साबुदाण्याची खिचडी, शुगरला यापेक्षा वाईट जोडी नाही.

डोहाळजेवण रद्द करू नकोस. पहिलं बाळ आहे, बायका जमतील, फुलांची वाडी भरतील, फोटो निघतील, हा आनंद तुझा आहे आणि तो तुला मिळालाच पाहिजे. फक्त त्या दिवशी सकाळचा नाष्टा चुकवू नकोस, उपाशी पोटी तिथे बसलीस तर समोर येईल ते खाल्लं जाईल. ताटात कोशिंबीर, उसळ, भजी-वडा थोडं, आणि गोड पदार्थ एकच, दोन घास, तोही जेवणाच्या शेवटी. बायका हातात घेऊन भरवायला येतात तेव्हा नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून आईला नाहीतर जाऊबाईला शेजारी बसव आणि आधीच सांगून ठेव की एक-एक कण ओठाला लावून बाकीचं ती घेईल. पेढा की बर्फी ती वाटी उघड, फोटो काढ, आणि वाटीतलं गोड पोरांना वाटून टाक. ओटीत आलेले खजूर-नारळ-फळं घरात राहू देत, ती त्याच दिवशी संपवायची नसतात.

आता हे पुढचं तुझ्या आत्तींना वाचून दाखव, किंवा फोनच त्यांच्या हातात दे.

ताई, नमस्कार. तुमची सून भीतीने रात्रीची उपाशी झोपतेय, हे तुम्हाला माहीत नसणार, माहीत असतं तर तुम्ही तिला ताटावर बसवलं असतंत. तुम्ही म्हणता घराण्यात कुणाला शुगर नाही, पण कधी कुणी तपासली होती का? तुमच्या बाळंतपणात ग्लुकोजचं पाणी कुणी पाजलं नव्हतं, माझ्याही नाही. आणि ही शुगर नुसती माहेरहून किंवा सासरहून येत नाही, बाळाच्या वारेमुळे वर येते, म्हणजे तुमच्या नातवंडाच्याच वारेमुळे. तिला माहेरचं नाव घेऊन बोललात तर ती तुमच्यासमोर हसेल आणि आत जाऊन अन्न टाकेल, तेच चाललंय. पोरीचं पथ्य तुमच्या स्वयंपाकघरातूनच होणार आहे, तुम्ही तिच्या चहात साखर न घालता कप पुढे केलात की अर्धं काम झालं. आणि पुढच्या वेळी तिच्याबरोबर तुम्हीही आरोग्य केंद्रात चला, तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी आणि शुगर तिथे फुकट तपासतात, तुमचीही एकदा बघून घेऊया.

परत तुझ्याकडे येते. दोन आठवड्यांनी जी तपासणी होईल ती ग्लुकोज पिऊन नाही, नेहमीचं जेवण जेवून दोन तासांनी. घड्याळ पहिल्या घासापासून लावायचं. आकडा १२० च्या खाली आला तर पथ्यावरच भागतंय, तेच चालू ठेवायचं आणि मॅडम सांगतील तसं तपासत राहायचं. त्या दिवशी मुद्दाम कमी जेवून जाऊ नकोस, रोज जेवतेस तेच जेव, नाहीतर रिपोर्ट चांगला येईल आणि शुगर मात्र तशीच राहील. १२० किंवा वर आला तर मॅडम मेटफॉर्मिनची गोळी नाहीतर इन्सुलिन सुरू करतील. इन्सुलिन म्हटलं की घरात रडारड होते, एकदा सुई लागली की जन्माची लागली असं वाटतं, तसं अजिबात नाही. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही म्हणून ते गरोदरपणात वापरायला चांगलं, आणि बहुतेक जणींचं बाळंत झाल्या झाल्या बंद होतं, कारण ज्या वारेमुळे हे झालं ती बाहेर पडलेली असते. फ्रीज नसेल तर ती बाटली कशी थंड ठेवायची, सुई कुठे घ्यायची, हे सिस्टर शिकवतात. सुरू झालंच तर एक लक्षात ठेव, हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यापुढे अंधारी आली तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं, तेव्हा पथ्य बघायचं नाही, मग जेवायचं आणि केंद्रात कळवायचं.

बाकी प्रत्येक भेटीत बीपी आणि लघवी तपासून घे, या आजारात बीपी वाढायची शक्यता जास्त असते. डोकं खूप दुखलं, डोळ्यापुढे चमकलं, तोंडावर सूज आली तर थांबायचं नाही. बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली तर त्याच दिवशी दवाखाना, उद्या बघू असं कुणी म्हटलं तरी ऐकू नकोस. बाळाची वाढ बघायला सोनोग्राफी सांगितली तर कर. बाळंतपण कुठे करायचं ते आत्ताच ठरवा, जिथे सिझरची आणि बाळाला बघणाऱ्या डॉक्टरांची सोय आहे तिथे, तुम्हाला सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल दोन्ही जवळ आहे, मॅडम चिठ्ठी देतील. दिलेली तारीख उलटून घरी बसायचं नाही.

ज्यांची टेस्ट अजून व्हायची आहे त्या वाचत असतील तर, ते पाणी गोड मिट्ट लागतं, मळमळतं, पण अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर टेस्ट दुसऱ्या दिवशी परत करावी लागते, अर्ध्या तासानंतर झाली तर चालू ठेवतात, लपवू नका, सिस्टरला सांगा. आणि दोन तास तिथेच बसायचं, मधे काही खायचं नाही, बाजार करून यायचं नाही.

शेवटची गोष्ट बाळंतपणानंतरची, जी जवळजवळ सगळ्याच विसरतात. बाळ झालं की शुगर नॉर्मल येते, घरात सगळे म्हणतात गेली, डिंकाचे लाडू सुरू होतात, आणि आईची तपासणी राहते ती राहतेच. पण ज्या बाईला गर्भारपणात शुगर झाली तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या काही पटींनी जास्त असतो. बाळंत झाल्यावर सहा आठवड्यांनी परत ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट करायची, ही मात्र उपाशीपोटी. दोन तासांनी १४० च्या खाली म्हणजे ठीक, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा वर म्हणजे मधुमेह. दीड महिन्याची लस बाळाला टोचायला तू केंद्रात जाशीलच, ती कुणी चुकवत नाही, तर कार्डावर त्याच तारखेपुढे तुझ्या टेस्टचं पेनाने लिहून ठेव, आशाताईला पण सांगून ठेव, आणि त्या दिवशी चहा न पिता जा, डबा बरोबर ने म्हणजे टेस्ट झाली की तिथेच खाता येईल. मग दरवर्षी एकदा शुगर. अंगावर पाज, जितके महिने जमेल तितकं, त्याने तुझीही शुगर आणि वजन आटोक्यात राहायला मदत होते. आणि पुढच्या खेपेला दिवस राहिले की पहिल्याच भेटीत सांग की मागच्या वेळी १४८ आली होती, हा आत्ताचा रिपोर्ट तोपर्यंत जपून ठेव.